चार नंबरची टोपली

...देठाची ही कडी तरी किती घट्ट; किड्याने स्वतःला टांगून घ्यायला साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, काडीभोवती रेशमाची अशी बांगडी घातलेली, की नखाने निघत नाही, ओढून निघत नाही — आणि एवढा खटाटोप करून आत करायचं काय, तर झोपायचं. शालिकरामने कोसा, टसर रेशमाचा तो कोश, कानाशी धरून हलवला. आतून जडसा ठोका आला. जिवंत आहे. मूर्ख आहे, पण जिवंत आहे.

मूर्ख हा शब्द त्याला अलीकडे फार लवकर सुचायचा. कॉलेजातले सहकारी मूर्ख, जे या चाळिशीतल्या डेमॉन्स्ट्रेटरला मागे 'किडेवाले' आणि तोंडावर 'डॉक्टरसाब' म्हणत. हे बालाघाट मूर्ख, इथे धान आणि मँगनीज सोडून तिसऱ्या गोष्टीवर बोललं की लोक आधी घड्याळ बघतात, मग तुमच्याकडे. आणि जबलपूरचे त्याचे मार्गदर्शक... ते तीन वर्षांत एकदा आले, तेही बैहरकडे वाघ बघायला जाता जाता. नाकाला रुमाल लावून शेडमध्ये सात मिनिटं उभे राहिले आणि जीपमध्ये चढताना म्हणाले, काम आगे बढ़ाइए. जणू काम म्हणजे रस्त्यात अडलेली म्हैस.

पण उद्या सकाळच्या गाडीने तो त्यांच्याकडेच जाणार होता. बाकावर प्रबंधाच्या चार प्रती होत्या, काळ्या रेक्झिनच्या, सोनेरी अक्षरांच्या. पुस्तकं सांगत होती, कोशाच्या किड्यांत सख्ख्या बहीणभावांच्या जोड्या लावत गेलं की वंश पिढीगणिक खंगतो — अंडी कमी, अळ्या मरतुकड्या, कोसे हलके. शालिकरामच्या बारा टोपल्यांत, बारा वेगळ्या वंशांत, सहा पिढ्या झाल्या तरी काहीच खंगलं नव्हतं. या निष्कर्षाखाली मार्गदर्शकांनी लाल शाईने दोन रेघा ओढल्या होत्या आणि शेजारी एकच शब्द लिहिला होता, अपूर्व. त्या शब्दावर पदवी मिळणार होती, पदवीवर जबलपूरची जागा. मग हे शेड नको, ही माणसं नकोत.

अपूर्व... दाढी करताना, आरशात स्वतःकडे न बघता, त्याला वाटून जाई — माझ्याच शेडमध्ये का? माझ्या हातून आजवर अपूर्व असं काय घडलं आहे? मग तो तराजू पुन्हा तपासायचा, आकडे पुन्हा मांडायचा. तराजू बरोबर असे. आकडेही.

मैनाबाई पलीकडे झाडत होती. ढिवरांच्या वस्तीतली बाई, जन्मभर कोसा पाळलेली. किड्यांच्या सहा पिढ्या तिचं काम एकच — संध्याकाळी कोशांतून पतंग बाहेर पडू लागले की ज्या टोपलीतली मादी तिला त्याच टोपलीतला नर द्यायचा. पहिल्या दिवशी त्याने तिला हे बहिऱ्या माणसाला सांगावं तसं सावकाश, मोठ्याने सांगितलं होतं. त्यानंतर विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिला काय विचारायचं?

आज मात्र, सुटणाऱ्या माणसाला येतं तसं औदार्य त्याला आलं. तिलाही थोडं कळू दे, आपण कशासाठी राबलो ते. त्याने तिला बोलावून सोप्या शब्दांत सांगितलं, की भावाबहिणीच्या जोड्या लावूनही आपला किडा कमजोर झाला नाही, आणि हे जगात कोणाला ठाऊक नव्हतं.

तिने पदर तोंडाला लावला. हसत होती.

"कमजोर कायले होईन, मास्टरजी? म्या भावाले बहीण देल्लीच नाई."

"म्हणजे?"

"तुमी घरी गेले का कधी चारचे नर सातमंदी टाकत होती, कधी सातचे चारमंदी. नंबराले हात नाई लावला. ते तुमचे जसेच्या तसे."

"काहून?" — हा त्याच्या आईचा शब्द, कटंगीकडच्या घरातला, कॉलेजात तो कधी वापरत नसे.

"पोरगी परक्या घरी द्या लागते. किडा असला तं का झालं, आपल्या हातानं पाप काहून करा? तुमी पयल्या दिवशी सांगतलं, तवा मी घरी जाऊन जेवलीच नाई. म्हटलं, लय शिकलेला मानूस हाये, पन याच्या घरी समजवाले कोनी मोठं नसन." मग जरा थांबून, समजूत घालावी तशी, "कोनाले सांगतलं नाई म्या. तुमचं नाव खराब होते."

राग यायला हवा होता. तो रागाची वाट बघत बसला, आणि त्याच्याऐवजी डोळ्यांपुढे आले ते अकरा कोसे. चौथ्या पिढीतले. राखी रंग फक्त सात नंबरच्या वंशात अधूनमधून निघे. त्या वर्षी तो चार नंबरात निघाला. अकरा. हाताने मोजले होते ना... मीच मोजले. तेव्हाच एक दार किलकिलं झालं होतं आणि मी ते खांद्याने लोटून बंद केलं — तोडणीत सरमिसळ झाली असावी, असं वहीत लिहून, अकराच्या अकरा खोडरबराने पुसून टाकले. माझ्या खोलीच्या सात पायऱ्या उतरून शेडमध्ये तिला एक प्रश्न विचारला असता, तर तिने तेव्हाही असंच सांगितलं असतं. तिने काही लपवलंच नव्हतं.

प्रबंध द्यायचा की नाही, याचा विचार त्याला करता येईना. दिला तरी कोणाला कळणार नव्हतं. जबलपूर शेडमध्ये पुन्हा सात मिनिटंही येणार नव्हतं. बोचत होतं ते भलतंच. तीन वर्षं रोज संध्याकाळी तो टोपी घालून घरी गेला, आणि मागे एक बाई त्याची कीव करत, त्याची लाज झाकत, टोपल्या बदलत राहिली. ज्या नजरेने तो सगळ्या गावाकडे बघत होता त्याच नजरेने... नाही, त्याच नाही. तिच्यात माया होती. तेच जास्त सोसवेना.

"आठवते तुले," त्याने विचारलं, "कोणत्या वेळेस कोणाचे कुठं टाकले?"

"आठवनार नाई? सोयरिका हायेत." ती खाली बसली आणि बोटांवर सांगू लागली. पयल्या साली चारचे नर सातमंदी, सातचे पाचमंदी, पाचवाले तवा कमी निघाले, म्हणून ते लहान्या नऊमंदी... न अडखळता, गावातली लग्नं सांगावी तशी. पेन खिशात होतं. ते काढावं की काढू नये, काढलं तर उद्याच्या गाडीचं काय, हे अजून ठरायचं होतं. पण बारा नंबरापर्यंत तिने मध्ये थांबू नये, एवढं मात्र त्याला स्वच्छ कळत होतं.