द्राक्षांवरची जाळी

द्राक्षांच्या वेलावरची जाळी मी स्वतः विणली होती. दुकानात जाळ्या मिळतात, पण त्यांची भोकं एवढी की पाखरू आत शिरून, पोटभर जेवून, हात धुऊन बाहेर येईल. म्हणून मी नायलॉनच्या बारीक दोरीची रिळं आणली आणि हिवाळाभर मागच्या पायरीवर बसून क्रोशाच्या सुईने ओळीमागून ओळ घातली. वरून सुरुवात, खाली शेवट. बुलबुलांनी येऊन पाहिलं, खारींनी खालून-वरून हिंडून पाहिलं, एकाचीही डाळ शिजली नाही. शेजारीण म्हणाली, एवढा खटाटोप कशाला. तिच्या वेलावर तोवर नुसती देठं उरली होती.

जाळी संपवताना सून म्हणाली होती, "आई, शेवटचं टोक जरा लांब सोडा. कधी उसवावी लागली तर बरं."

माझं विणकाम उसवायची भाषा, तीही माझ्यासमोर. मी गाठ मारली, टोक कापलं आणि गाठीला पेटती काडी लावली. नायलॉन वितळून हरभऱ्याएवढा काळा गोळा झाला. म्हटलं, घे, आता उसव.

आमच्या मांजरीने शिलाई मशीनच्या खाली तीन पिल्लं घातली होती. दोन चांगली गुबगुबीत. तिसरं शर्टाच्या बटणाएवढं, म्हणून त्याचं नाव गुंडी. मांजरीने त्याला बाजूला सारलं होतं. सुनेने ते उचललं, ड्रॉपरने दूध पाजलं, रात्री-अपरात्री उठून पाजलं. मी म्हटलं, "एवढा जीव लावू नकोस, हे टिकायचं नाही." माझं ऐकायचं नसलं की ती वाद घालत नाही, गप्प बसून आपलं काम करत राहते. अशा माणसाशी भांडायची सोय नसते. गुंडी टिकली, आणि सुनेच्या मागे मागे घरभर फिरायला लागली.

उन्हाळा सरत आला होता, पण ऊन काही ओसरायचं नाव घेत नव्हतं. त्या दुपारी मी भरतकामाचा दोरा ओवत होते. बागेतून आवाज आला, गंजलेली बिजागरी करकरावी तसा. दुसऱ्यांदा आला तेव्हा सून हातातलं भांडं टाकून धावली. तिने तो ओळखला होता.

जाळी मी वीतभर लांबच केली होती, खालची कड जमिनीवर लोळत असे. त्या कडेपासून थोडं वर गुंडी लटकली होती. जाळीच्या एका घरात डोकं गेलेलं, शेजारच्या घरात पुढचा पाय, मागचे पाय कसेबसे मातीला टेकलेले. आणि तिच्यापासून हातभर अंतरावर, खालच्या चुण्यांमध्ये, साप.

दोन बोटं जाड. पालीच्या किंवा बेडकाच्या मागे आला असेल. एका घरातून आत, दुसऱ्यातून बाहेर, तिसऱ्यातून परत आत, असा स्वतःच ओवला गेला होता. पुढे सरकताना घरं ताणली गेली, मागे यायला खवले अडकले. तो अंग ओढायचा तेव्हा सगळी जाळी त्याच्याकडे गोळा व्हायची आणि गुंडीच्या मानेभोवतीचं घर आवळायचं. मग ती बिजागरी वाजायची. प्रत्येक वेळी थोडी कमी.

सून पुढे झाली. मी तिला पदर धरून मागे खेचलं.

"सोडा, आई."

"तुला चावला म्हणजे दोघींना कोण सोडवणार?"

माझा मुलगा वायरमन आहे, त्या दिवशी सुट्टीवर घरी होता. तो काठी घेऊन आला.

"बाजूला व्हा. एका फटक्यात काम करतो."

"कुणाचं काम?" सून म्हणाली. "एकाच जाळीत आहेत दोघं. फटका बसला की तो हिसका देणार आणि गुंडीची मान मोडणार."

"मग जाळी काप."

"कुठे कापू? त्याच्या तोंडाला हात लावून?"

आमचे हे दारात उभे राहून साप पकडणाऱ्याला फोन लावत होते. तो म्हणे गावाबाहेर गेलाय, यायला वेळ लागेल. "त्याने विचारलंय, विषारी आहे का?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"मी काय त्याची सोयरीक जुळवायला बसले आहे?" मी म्हटलं. "तुम्ही तिथेच थांबा, उंबऱ्याची राखण करा."

सापाने पुन्हा ओढ घेतली. गुंडीचा आवाज आला नाही, नुसतं तोंड उघडलं. सुनेने माझ्याकडे पाहिलं. जाळी माझी होती, हे तिने मनात म्हटलं असेलच. मीही म्हटलं होतं.

"उसवते," मी म्हणाले.

क्रोशाचं विणकाम शेवटच्या टोकाकडूनच उसवतं. टोक मोकळं झालं की लांब उभं राहून नुसती दोरी ओढायची, ओळ आपोआप सुटत जाते, जवळ हात न्यायला नको. पण आधी ती जळकी गाठ कापायला हवी होती. आणि गाठ होती वेलाच्या मांडवाच्या डाव्या खांबाशी, सापाच्या शेपटीजवळ.

मुलाच्या डोक्यात हिशेब चालू होता. "आई, तू खालून उसवणार. साप खालच्या ओळीत आहे, पिल्लू वरच्या. म्हणजे आधी तो सुटेल आणि ते त्याच्यासमोर बांधलेलंच राहील."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग तुझ्याकडे दुसरा उपाय असेल तर सांग, नाहीतर तोंड मिट."

सून कात्री घेऊन आली. "मी जाते."

"तुला गाठ सापडणार नाही. तू कुंपणाकडची वाट मोकळी कर, बादली हलव, कुंड्या हलव. त्याला पळायला जागा दिसली पाहिजे. आणि सगळे घराच्या बाजूला उभे राहा."

मी चप्पल काढली, पावलांचा आवाज नको म्हणून. खांबाच्या मागून वाकले. गुडघे कुरकुरले, ते माझ्याशिवाय कुणाला ऐकू येऊ नयेत असं वाटलं. शेपटीचं टोक माझ्या अंगठ्याजवळ मातीवर इकडून तिकडे फिरत होतं. काळा गोळा सापडला. कात्री दोनदा घसरली, कारण मी गाठ चांगली पक्की केली होती. तिसऱ्यांदा गाठ तुटली. टोक बोटाला गुंडाळलं आणि मागे मागे आले.

ओढलं. पहिली ओळ सर्रकन सुटत गेली, टाक्यावर टाका, डावीकडून उजवीकडे. दुसरी परत उलटी. साप स्तब्ध झाला. दोरी त्याच्या पोटाखालून सरकत होती आणि हे काय आहे ते त्याला कळेना. चौथ्या ओळीला त्याचं मधलं अंग मोकळं झालं.

तो गेला नाही. आपण सुटलोय हे त्याला उमगलं नव्हतं. त्याने डोकं उचललं आणि गुंडीच्या दिशेला वळवलं. ती आता हलतही नव्हती.

मुलाने काठी वर केली. सुनेने त्याचं मनगट धरलं. "नको. अजून अडकलीय ती."

थांबावं तर पिल्लू गुदमरणार. ओढावं तर दोरी पुन्हा त्याला घासणार आणि तो चिडणार. माझे हात थांबले.

"थांबू नका, आई," सून म्हणाली. आवाज चढवला नाही तिने.

मी ओढलं. दोरी त्याच्या अंगाखालून गेली, त्याने फूत्कार टाकला, आणि मग पाण्यासारखा वाहायला लागला. गुंडीच्या मागच्या पायांवरून त्याचं अख्खं अंग सरकलं. संपतच नव्हतं. त्या पायांनी एकदाही झटका दिला नाही, आणि ते बरं झालं की वाईट, हे मला कळत नव्हतं. हलवलेल्या कुंड्यांमधून तो कुंपणाखाली शिरला आणि पानं हलायची थांबली.

उरलेली ओळ मी कशी ओढली ते आठवत नाही. घर उघडलं आणि गुंडी मातीत पडली, ओल्या मोज्यासारखी.

सुनेने ती पालथी धरली, दोन बोटांनी पाठ चोळली, तोंडात करंगळी घालून फेस काढला. पुन्हा चोळली. मुलगा म्हणाला, "अगं, राहू दे आता." तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चोळत राहिली. मीही तेव्हा मेहरबानी करून गप्प बसले.

गुंडी शिंकली. मग खोकली. मग एक श्वास असा घेतला की तेवढ्याशा अंगाच्या सगळ्या बरगड्या दिसल्या.

मी पायरीवर टेकले. सुनेने ती माझ्या ओटीत टाकली आणि तिथेच मातीत बसली. दोरीने माझे दोन्ही तळवे कापले होते. त्यावर ते इवलंसं काळीज धडधडत होतं. वेलाची खालची बाजू आता उघडी पडली होती, आणि एक बुलबुल बिनदिक्कत घोसावर येऊन बसला होता. त्याला मी हाकललं नाही. हात रिकामे नव्हते.

सून रडायला लागली, आवाज न करता, जशी ती सगळंच करते.

"रडायचं तर सावलीत येऊन रड," मी म्हटलं. "उन्हात डोकं दुखेल."

ती उठली आणि पायरीवर माझ्या शेजारी, अगदी खेटून, येऊन बसली.