वोंबॅट आणि हिऱ्याची पूड

फ्रिजवर लावायचा चुंबक, वोंबॅट या गुबगुबीत ऑस्ट्रेलियन प्राण्याच्या आकाराचा, एक कान तुटलेला.

हिरव्या लेझरचा ठिपका.

अर्धा लॅमिंग्टन केक, चॉकलेटवर खोबरं, बशीत वाळत पडलेला.

फर्गसचा पाना. पुसून लख्ख, भिंतीवर आपल्या खिळ्याला.

आणि चिमूटभर हिऱ्याची पूड, जिच्यावर थियाची भट्टी राहणार होती किंवा जाणार होती.

मेलबर्नच्या त्या प्रयोगशाळेत थिया मावरोस भट्टीत वायूतून हिरे वाढवायची, नुसत्या डोळ्यांना एकेकटा दिसणारही नाही एवढे बारीक. दागिन्यांसाठी नव्हे. तिला प्रत्येक कणात एक उणीव हवी असायची: कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू, शेजारी रिकामी जागा. हिरवा लेझर पडला की तेवढ्यातून लाल उजेड येतो, आणि त्यावरून जिवंत पेशीच्या आतलं तापमान कळतं. आधीचे कण छान उजळायचे. मार्चनंतरचे मात्र काचेसारखे स्वच्छ, आणि मेलेले. आज उजेड दिसला नाही तर सोमवारपासून भट्टी शेजारच्या गटाला.

“या खेपेला काय केलंय सांगू?” थिया म्हणाली. “नायट्रोजन सोडलाय आत. मुद्दाम.”

भट्टीची देखभाल करणाऱ्या फर्गसने कपाळाला हात लावला. “अगं बाई! त्या नळ्या मी दातांपेक्षा जास्त घासतो, आणि तू आत घाण सोडतेस?”

“तुझे दात बघून तर नळ्यांची काळजी वाटते रे.”

तिने लेझर लावला. पडद्यावर लाल ठिपके उमटले.

“लगेच नाचू नकोस,” फर्गस म्हणाला. “माझ्या बहिणीची लिपस्टिकही लेझरखाली अशीच चमकते.”

“मग लिपस्टिकला हे करून दाखवायला सांग.”

चहाच्या खोलीतल्या फ्रिजवरून उचलून आणलेला वोंबॅट तिने पुडीजवळ धरला. उजेड मोजणारी रेघ खाली बसली. दूर नेला, रेघ वर आली. लिपस्टिकला चुंबकाशी काही देणंघेणं नसतं. या उणिवेला असतं.

फर्गसने वोंबॅट तिच्या हातून घेऊन स्वतः करून पाहिलं. परत एकदा पाहिलं. मग लॅमिंग्टनची बशी तिच्यापुढे सरकवली.

“राहिली बघ तुझी भट्टी. पण आधी काही न सोडता कसं उजळायचं गं?”

“हवा शिरत असणार कुठून तरी. हवेत नायट्रोजनच तर भरलाय.”

फर्गस भिंतीवरच्या पान्याकडे बघत राहिला.

मार्चमध्ये त्याच पान्याने त्याने भट्टीच्या गॅसच्या नळीची एक गळकी जोडणी आवळली होती, कुणी न सांगता.