शिवणताईंच्या कानावरचा मी

मित्रांनो, मला पाहून कुणी 'व्वा' म्हणत नाही. तारेचा, काळा, कानांच्या गाद्या एकदा बदललेला, असा मी एक जुना हेडफोन आहे. पण माझे आयुष्य आनंदात गेले, हे आधीच सांगून टाकतो.

एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. केसासारख्या बारीक तारा जोडणाऱ्या बाईंनी मला कानाला लावून पाहिले, समाधानाने मान डोलावली आणि खोक्यात ठेवले. तेवढ्या शाबासकीवर मी दुकानाच्या सर्वांत खालच्या फळीवर बरेच दिवस काढले. वरच्या फळीवर माझे चकचकीत भाऊबंद होते. गिऱ्हाइके त्यांनाच हात लावत.

एका सकाळी दोघे बहीणभाऊ आले. बहीण कपडे शिवत, म्हणून सगळे त्यांना शिवणताई म्हणत. त्यांचे दादा दर रविवारी प्रार्थनेच्या सभागृहात गात-गात देवाच्या गोष्टी सांगत. पण आता दादांचा घसा पार बसला होता आणि येत्या रविवारी त्यांच्या जागी ताईंना उभे राहायचे होते. दादांचे जुने गायन फोनमध्ये होते. मात्र ते श्वास कुठे घेतात, कुठला शब्द हळूच सोडतात, हे फोनवर काही कळेना. म्हणून ताई दादांना घेऊन हेडफोन शोधायला आल्या होत्या.

दुकानदाराने वरच्या फळीवरचा हेडफोन दादांच्या कानांवर चढवला आणि आवाज वाढवला.

"अगं, हा मी? काय दणदणीत!" दादा ओरडले. कान झाकलेल्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतो, ते कुठे कळते? अख्खे दुकान वळून पाहू लागले.

ताईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "दादा, घसा! डॉक्टर मला रागावतील."

"हाच घे," दादा कुजबुजले.

ताईंनी तो लावून पाहिला. "यात तुम्ही ढगासारखे गडगडताय. शब्द कुठे गेले?" मग त्या दुकानदाराला म्हणाल्या, "भाऊ, आवाज वाढवला की सगळंच गोड लागतं. सगळ्यांचा आवाज सारखा ठेवा, आणि आमचंच गाणं लावा."

"ताई, तुम्ही तर परीक्षाच घ्यायला बसलात!"

"मग? नापास झालेला घरी नेऊ?"

एकेक करत शेवटी माझी पाळी आली. जे आले तेवढेच मी त्यांच्या कानात घातले. पदरचे काही मिसळले नाही. ताई एकदम म्हणाल्या, "सापडला! गोष्टीत हरवलेल्या लेकराला आई हाक मारते ना, त्याच्या आधी तुम्ही श्वास घेता!"

दादांनीही ऐकले. त्यांचा चेहरा जरा उतरला. "एवढा साधा आहे माझा आवाज?"

"साधाच आहे, दादा. म्हणून तर लोक रडतात."

मी स्वस्तही होतो, ही आणखी एक आनंदाची गोष्ट.

पुढचा आठवडा मी ताईंच्या डोक्यावरच राहिलो. शिलाई मशीन खडखडायचे, आणि दादा श्वास घेत तिथे ताईंचा पाय मशीनच्या पायडलवर थांबायचा. रविवारी मात्र त्या मला टेबलावर ठेवून गेल्या. दिवसभर माझा जीव टांगणीला!

संध्याकाळी दादा ताईंचे गायन फोनमध्ये घेऊन आले आणि मला कानांवर चढवून ऐकत बसले. आईच्या हाकेपाशी ताई श्वासासाठी थांबल्याच नाहीत. हाक मारली, आणि मग थांबल्या. इतक्या, की सभागृहात कुणी खोकलेसुद्धा नाही. मग गाण्यातल्या लेकराने दूरवरून 'ओ' दिली.

"चुकलं का हो?" ताईंनी भीतभीत विचारले.

"चुकलं असतं तर तिसऱ्यांदा ऐकत बसलो असतो? मी असं कधी गायलो नाही गं." दादांनी डोळे पुसले. "घसा बरा झाला तरी पुढचा रविवार तुझाच. मी मागे बसून सूर धरीन."

त्या घरात तेव्हापासून दोन आवाज गातात, आणि दोन्ही माझ्यातून जातात. याहून मोठा मान कोणता?

मित्रांनो, मला काढताना तार ओढू नका, टोक धरून काढा. आणि आवाज बेताचा ठेवा. माझ्या गाद्या फाटल्या तर नव्या मिळतात. तुमचे कान देवाने एकदाच दिले आहेत.