लायसनपुरता मेगर

मित्रांनो, काचेच्या कपाटात कुलूपबंद बसलेला एखादा काळा डबा तुम्हांला दिसला, तर त्याला जुना टेलिफोन समजू नका. पुष्कळ जण तसं समजले आणि त्यांनी माझं डोकं फिरवलं. मी मेगर आहे, हाताने फिरवायचा. पोटात छोटं जनित्र, कुशीला दांडा, वर काटा. आधी वीज बंद करायची, वायरीला माझे चिमटे लावायचे आणि दांडा गरागरा फिरवायचा. वायरीतून वीज कुठे गळते का, ते मी सांगतो. गळत असेल तर काटा शून्यावर. सगळं ठणठणीत असेल तर दुसऱ्या टोकाला, जिथे इंग्रजी आठचा आकडा आडवा झोपलेला असतो, म्हणजे अनंत. एवढीच माझी विद्या, पण खोटं मला बोलताच येत नाही.

जळगावच्या यादवभाऊंनी मला घेतलं ते वीज ठेकेदारीचं लायसन काढताना. नियमच तसा आहे. लायसन हवं, तर तपासणीची साधनं दुकानात हवीत, आणि दर नूतनीकरणाला ती वीज खात्याच्या साहेबांना दाखवायला हवीत. पण तेव्हा भाऊ मला नुसते दाखवत नव्हते हो, फिरवत होते! पहूरची पिठाची गिरणी म्हणा, जामनेरचं दुकान म्हणा, भीमजयंतीचा मंडप म्हणा, मी 'हो' म्हटल्याशिवाय भाऊ बटण दाबत नसत. "आधी मेगरला विचारा," असं ते सगळ्यांना सांगायचे. काय दिवस होते ते!

मग एकदा धुळ्याचे मोतीलाल दारात आले. तेही ठेकेदार, त्यांचंही नूतनीकरण तोंडावर आलेलं. "भाऊ, बठ्ठं सामान शे, फक्त मेगर नई शे. तुमना द्या ना." भाऊंचा स्वभाव भिडस्त. त्यांनी मला पिशवीत घालून दिलं. धुळ्याच्या दुकानात मी इस्त्रीच्या टेबलक्लॉथवर नवरदेवासारखा बसलो, साहेबांनी पाहिलं, झालं. परत येताना मात्र पिशवी एसटीच्या पायरीवर आपटली आणि माझी काच तडकली. त्या वर्षी भाऊंचं स्वतःचं लायसन माझ्या काचेपायी लटकलं. हातातलं मोठं काम दुसऱ्याने नेलं, आणि लोक दुकानावरून मान वळवून जाऊ लागले. भाऊंनी ते फार मनाला लावून घेतलं.

माझी काच बदलली, लायसन मिळालं, आणि भाऊंनी मला कपाटात ठेवून कुलूप घातलं. "लायसनची वस्तू आहे. कोणी हात लावायचा नाही!" चावी त्यांच्या खिशात.

मित्रांनो, कैद म्हणजे काय ते मला विचारा. समोर रस्ता, समोर माणसं, कामाला निघालेल्या पिशव्या, आणि मी काचेआड. नूतनीकरण आलं की भाऊ मला मऊ फडक्याने पुसायचे, साहेब बघायचे, पुन्हा कुलूप. तपासणीच्या कागदावर माझे आकडे लागायचे, ते भाऊ मला न विचारताच भरायचे. "पन्नास लिहा सगळीकडे, म्हणजे वायरी ठणठणीत. नेहमीचंच आहे." मी कपाटातून ऐकायचो. माझ्या नावावर खोटं खपत होतं आणि मला ओरडायला तोंड नव्हतं. फार राग यायचा. नंतर नंतर तोही येईनासा झाला.

भाऊंची लेक वृषाली शिकून सुपरवायझरचं परमिट घेऊन आली, तेव्हा कुठे कुलूप हललं. रावेरजवळ केळीच्या पॅकिंग शेडचं काम चालू होतं, आणि तात्पुरत्या विजेवर तिथे केळी धुणं सुरूही झालं होतं. कायम जोडणीसाठी तपासणीचा कागद द्यायचा होता, आणि त्यावर सही वृषालीची लागणार होती. भाऊंनी पन्नास-पन्नास भरून कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने पेन खाली ठेवलं. "बाबा, मेगर काढा."

"आता? पुढच्या आठवड्यात साहेब येणार आहेत! फुटला तर?"

"शेडमधली मोगराबाई म्हणते, हौदात केळी धुताना पायाला मुंग्या येतात."

"अगं, दिवसभर पाण्यात उभं राहिल्यावर येणारच. आणि ब्रेकर बसवलाय ना? काही झालं तर पडेल, वीज तुटेल."

"नाही पडला तर? पाण्यात ती उभी असते, तुम्ही नाही. माझी सही मिळणार नाही."

भाऊ लालबुंद झाले. तावातावाने उठले, बसले, पुन्हा उठले. मग चावी टेबलावर आपटली. "घे! पण लायसन गेलं तर तुझ्यामुळे गेलं, लक्षात ठेव!"

रावेरपर्यंत मी भाऊंच्या मांडीवर होतो. प्रत्येक खड्ड्याला ते "हळू गं, हळू!" म्हणत मला पोटाशी धरत होते. इतक्या वर्षांनी मला वारा लागला होता.

शेडमध्ये वीज बंद केली. बायका हौदाबाहेर येऊन उभ्या राहिल्या. वृषालीने पंपाच्या केबलला चिमटे लावले आणि दांडा फिरवला. माझा काटा शून्यावर जाऊन बसला.

"गेला!" भाऊ कपाळाला हात लावून म्हणाले. "पडून पडून गेला बिचारा. आता साहेबांना काय दाखवू?"

अहो, मी खरं सांगत होतो! आयुष्यभराचं खरं त्या एका शून्यात सांगत होतो, आणि माझाच धनी मला मेलेला म्हणत होता. त्या क्षणाइतका कोंडमारा मला कपाटातही झाला नव्हता.

वृषालीने चिमटे सोडवून हवेत वेगळे धरले आणि पुन्हा दांडा फिरवला. हवेत वीज गळायला जागाच नाही; काटा सरसर वर चढला आणि आडव्या आठाला जाऊन टेकला.

"बाबा, मेगर जिवंत आहे."

केबल ओढून काढली. हौदाच्या कडेखाली तिला एक जोड होता, नुसती टेप गुंडाळलेला, कुजून काळा पडलेला. भाऊंनी तो हातात घेतला आणि टेप सोडून पाहिली. त्यांना तो ओळखू आला. घाईत त्यांनीच मारला होता.

मोगराबाई वाकून पाहत होती. "म्हंजे भाऊ, त्या मुंग्या पान्याच्या नव्हत्या?"

भाऊंना तिच्याकडे बघवेना. "नाही, बाई," एवढंच ते म्हणाले.

केबल नवी घातली. मग मी आडवा आठ दाखवला, तेव्हाच सही झाली.

पुढच्या आठवड्यात साहेब आले. मला उलटसुलट करून म्हणाले, "हा फार जुना झाला. नवा डिजिटल आणा, मग नूतनीकरण." माझ्यापायी लायसन अडेल या धास्तीने मला कोंडलं होतं, ते अडणं असं चहा पिता पिता होऊन गेलं. भाऊंनी नवा आणला, लायसन मिळालं. लायसनच्या कामातून मी बाद झालो, आणि मला सोडवणारं ते एक वाक्य ठरलं. आता मी वृषालीच्या पिशवीत असतो. आज जामनेर, उद्या सावदा. अंगावर ओरखडे पडलेत, दांडा कुरकुरतो, पण रोज मला कोणीतरी विचारतं.

पण मित्रांनो, जित्याची खोड! त्या दिवशी शेडमध्ये खाली मान घातलेल्या भाऊंनीच नवा मेगर दुकानात आणला आणि कपाटात ठेवून कुलूप घातलं. "लायसनची वस्तू आहे," म्हणाले.

संध्याकाळी वृषाली पिशवी कपाटाशेजारी टांगते, तेव्हा तो काचेतून माझ्याकडे बघतो. पिवळाधमक, अंगावरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नाही. त्याला सगळं खरं सांगता येतं. अजून कोणी एकदाही विचारलेलं नाही. त्या दुकानात कधी गेलात, तर माझ्यासाठी एवढं करा: भाऊंकडे चावी मागा.