नागपूरचा जोसेफ

रोशनला आयुष्यात पहिल्यांदाच आवाज द्यायला हिरो मिळाला. तो काळा होता, अमेरिकन होता आणि चित्रपट संपायच्या आत मरणार होता. पण होता हिरोच. सदरमधल्या ज्या चष्म्याच्या दुकानात माझा नवरा नोकरी करतो, तिथूनच त्याने मला फोन केला. समोर गिऱ्हाईक बसलेलं असणार, कारण तो कुजबुजत होता. "मोनाली, आता मी मेलो का हिरोइन रडते."

त्याचं अप्रूप मला कळत होतं. इतकी वर्षं तो मेला की कोणीच रडत नसे.

दुकानापासून जवळच ऋषिकेशभाऊंचा डबिंगचा स्टुडिओ आहे. परदेशातले, दक्षिणेतले चित्रपट तिथे मराठीत येतात आणि मग कुठल्या तरी चॅनेलवर रविवारी दुपारी लागतात. संवाद मी लिहिते, बेसाच्या आमच्या फ्लॅटमध्ये, कुकरच्या शिट्ट्या मोजत. आवाज द्यायला रोशन जेवणाच्या सुट्टीत आणि दुकान बंद असेल त्या दिवशी जातो. आवाज त्याचा असा की बंद दाराआडून ऐकला तर माणूस उठून उभा राहावा. पण त्या आवाजाला आजवर मिळालं काय? गुंडाचा उजवा हात, वॉचमन, दारुडा, ट्रकवाला. आणि हे सगळे वऱ्हाडीत बोलणार. आमच्या धंद्यात हे कोणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण सगळे पाळतात: साहेब पुणेकरासारखा बोलतो आणि त्याचा नोकर आमच्यासारखा. लोक हसतात, चॅनेल खूश होतं.

माझे सासरे देवराव खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि कॉलनीच्या मागेच घर बांधून राहिले. मुलाचा आवाज आला की ते टीव्ही मोठा करत आणि पिक्चर संपला की एकच विचारत, "हिरो कधी होतं गा तू?" चिडवायला नाही, खरंच विचारत. रोशन हसून टाळायचा आणि परतीच्या वाटेवर गाडीवर माझ्याशी एक अक्षर बोलायचा नाही.

म्हणून हा जोसेफ.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली, इटलीतली. जोसेफ गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालचा काळा सार्जंट. युद्धाआधी तो शाळामास्तर होता. एलन ही तंबूतल्या इस्पितळातली गोरी नर्स. तिचा जीव जोसेफवर, आणि तिच्यावर जीव त्याच्याच कॅप्टनचा. कॅप्टन जखमी होतो, जोसेफ त्याला खांद्यावर टाकून आणतो. रक्त हवं असतं, पण काळ्याचं रक्त गोऱ्याला द्यायचं नाही असा फौजेचा नियम. एलन नियम मोडते आणि गुपचूप जोसेफचं रक्त कॅप्टनला देते. कॅप्टन बरा होतो, त्याला दोन्ही गोष्टी कळतात, रक्ताची आणि प्रेमाची. तो जोसेफला आघाडीवर पाठवून देतो, मरायला. निघताना जोसेफ एलनला म्हणतो, "माझं रक्त त्याच्या अंगात चालतं. मी तुझ्या शेजारी बसलो तर चालत नाही."

हे वाक्य लिहून मी पेन ठेवला आणि रडले. मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या आजीला विहिरीवर वरून ओंजळीत पाणी घालत, आणि त्याच विहिरीचा गाळ काढायला मात्र तिच्याच नवऱ्याला आत उतरवत.

इंग्रजीत जोसेफ सगळ्यांत सुंदर बोलतो. मास्तरच तो. कॅप्टन चिडला की शब्द खातो, जोसेफ कधीच नाही. म्हणून मीही त्याला नितळ, पुस्तकी म्हणावी अशी मराठी दिली. रोशनने ती महिनाभर घरात घोकली. भाजी आणायला निघाला तरी जोसेफसारखा, "येतो मी, वाट पाहू नकोस." मी हसायचे. पण मला नवऱ्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, हेही सांगून टाकते.

कॅप्टनचा आवाज विक्रमचा. तो नागपूरच्याच महाल भागातला, बँकेत नोकरीला, स्वभावाने सरळ. दोघांचे पहिले प्रसंग रेकॉर्ड झाले, ऋषिकेशभाऊंनी नमुना म्हणून मुंबईला पाठवले, आणि दोन दिवसांनी चॅनेलच्या बाईंचा फोन आला. भाऊंनी तो स्पीकरवर ठेवला.

"काम छान आहे," बाई म्हणाल्या, "पण कॅप्टन आणि जोसेफ सारखेच वाटतात. फरक कळत नाही. प्रेक्षकाला एका सेकंदात कळलं पाहिजे की हा खालचा आहे."

"मॅडम, तो खालचा नाहीये," मी म्हटलं. "हाच तर पिक्चर आहे."

"अगदी बरोबर, म्हणूनच त्याला मातीतला टच द्या ना. तुम्ही तर नागपूरला आहात, तुमच्याकडे तुमची ती भाषा आहे. किती गोड आहे!"

भाऊ माझ्याकडे बघेनात. पानठेल्यावर "काहून बे" म्हणणारा हा माणूस मुंबईचा फोन आला की "हो ना, नक्कीच, बघतो मी" असं बोलतो. फोन ठेवल्यावर मी त्यांना नको नको ते बोलले. म्हटलं, मी लिहिणार नाही. ते म्हणाले, "मॅडम, तुमी नाई लिहिलं तं दुसरा लिहीन. थो जोक टाकून लिहीन. सांगा मले, काय करू?"

रोशन तिथेच खुर्चीत बसून सगळं ऐकत होता.

मला वाटलं होतं रोशन मोडून पडेल. पण तो म्हणाला, "लिही तू."

"काय?"

"वऱ्हाडीतच लिही. पन एकही जोक नाई टाकाचा. भाऊ, तेवढा शब्द द्या."

भाऊंनी लगेच शब्द दिला. घरी येईपर्यंत मी धुमसत होते. जिना चढतानाच मी त्याच्यावर तुटून पडले: महिनाभर मेहनत केली ती फुकट, तुला काहीच कसं वाटत नाही, पुन्हा वॉचमनच व्हायचंय का तुला? त्याने दार उघडलं, बूट काढले आणि शांतपणे म्हणाला, "मोनाली, माही माय मेली तवा बाबा कोन्या भाषेत रडले?"

मी खांद्यावरची पर्स उतरवली.

"आपल्याच ना? मंग कोनी हासलं का? आपली बोली रडाची बी हाय, लोकाइनं आयकलीच नाई टीव्हीवर. मी आयकवतो. पायजो तू."

मला ते पटलं. इतकं पटलं की जागेवरच वही ओढली. कधी एखादं काम इतक्या ईर्ष्येने केलं नसेल मी. एकेक वाक्य मनात आईच्या, मावशीच्या तोंडी घालून पाहिलं. ओठांची उघडझाप जुळवायची, लांबी जुळवायची आणि कुठे आचरटपणा येऊ द्यायचा नाही. निरोपाचं वाक्य झालं, "माह्यं रक्त त्याच्या आंगात चालते. मी तुह्या बाजूले बसलो तं नाई चालत." मोठ्याने वाचलं, आणि मला ते आधीच्यापेक्षा खरं वाटलं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी रोशन काचेपलीकडे उभा राहिला, कानाला हेडफोन, समोर पडद्यावर जोसेफचा चेहरा. वाक्य त्याने हळू टाकलं. शेवटच्या "नाई चालत"ला आवाज चिरकला नाही, फक्त खाली गेला. पडद्यावरचा तो परका माणूस क्षणभर माझ्या ओळखीचा झाला. एलनला आवाज देणारी वैदेही पुढचं वाक्य विसरली. विक्रम बाहेर बसला होता, तो आत गेला आणि रोशनचा हात धरून नुसता उभा राहिला. भाऊ म्हणाले, "पुन्हा नाई घ्याचं. हेच ठेवू." मला वाटलं, जिंकलो आपण. त्या बाईंच्याच हत्याराने जिंकलो.

चॅनेलनेही काही बदललं नाही. उलट बाईंनी कळवलं, अप्रतिम.

पिक्चर लागला त्या रविवारी आम्ही खापरखेड्याला गेलो. बाबांनी आधीच सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, माहा पोरगा हिरो झाला. "जयभीम, देवरावभाऊ" करत एकेक जण आला, खुर्च्या संपल्यावर सतरंजी टाकली. शेजारच्या प्रेमिलाकाकू पोह्यांवर तर्री घालून सगळ्यांना देत होत्या. बाबा नवा शर्ट घालून टीव्हीच्या अगदी समोर बसले आणि रोशनला त्यांनी हाताला धरून शेजारी बसवलं.

जोसेफने पहिलं वाक्य टाकलं: "कॅप्टनसाहेब, पूल उडवून देल्ला त्याइनं."

खोली आनंदाने ओरडली. "आरे, आपलंच बोलून राहिला ना बे!" टाळ्या, शिट्ट्या. बाबांनी रोशनच्या पाठीत थाप मारली. रोशन लाजून हसला. मीही हसले. कोणाला आवडणार नाही? एवढा मोठा अमेरिकन सैनिक आणि आमच्या गल्लीत राहणाऱ्यासारखा बोलतोय!

दुसऱ्या वाक्यालाही हसले. तिसऱ्याला हसले. मग माझ्या लक्षात आलं की जोसेफने तोंड उघडायचा अवकाश, लोक हसायला तयारच असतात. त्याने एलनला शाळेतल्या मुलांबद्दल सांगितलं, हसले. कॅप्टनला खांद्यावर घेऊन चिखलातून येताना तो "मरू नोका साहेब, मरू नोका" म्हणाला, त्यावर तर कोणी तरी सतरंजीवर लोळला. मी रोशनकडे पाहिलं. तो अजून हसत होता, पण ते हसू नुसतं चेहऱ्यावर राहून गेलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

मी मनात म्हणत होते, थांबा, निरोपाचा प्रसंग येऊ द्या. तो आला. तंबू, कंदील, एलनचा हात जोसेफच्या हातात. "माह्यं रक्त त्याच्या आंगात चालते."

"चालते म्हने!" कोणी तरी मागून बोललं.

"मी तुह्या बाजूले बसलो तं नाई चालत."

अख्खी खोली फुटली. सगळ्यांत जास्त बाबा. ते मांडीवर हात आपटत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, हसून हसून. कॅप्टन बोलला की मात्र सगळे गप्प बसून ऐकायचे. "मी तिला सुखी ठेवीन," विक्रम भारदस्त आवाजात म्हणाला, त्या माणसाच्या तोंडून, ज्याने जोसेफला मरायला पाठवलं होतं. आणि प्रेमिलाकाकूंनी पदराने डोळे टिपले. जोसेफ मेला तेव्हा चहा आला होता. एलन कॅप्टनची बायको झाली. काकू समाधानाने म्हणाल्या, "बरं झालं वं माय. चांगला मानूस भेटला पोरीले."

मला ओरडायचं होतं. पण कोणावर? ही माझी माणसं. ज्यांच्यासाठी आम्ही हे केलं ती. शाळेतल्या बाई त्यांच्या बोलण्यावर हसल्या, साहेब हसला, टीव्हीवर वर्षानुवर्षं ही भाषा आली ती हसवायलाच आली. हसायचं कुठे ते यांना शिकवलं गेलं, आणि ते शिकले. त्या शिकवण्यात रोशनचे सगळे वॉचमन आणि दारुडे होते, आणि त्यांची वाक्यं मी लिहिली होती. मुंबईच्या बाईंना काही करावंच लागलं नाही. मी ताटल्या गोळा करत राहिले. दुसरं काय करणार?

टीव्ही बंद झाला. लोक रोशनला टाळ्या देत होते. "काय कामेडी केली राजा!" तो सगळ्यांचे हात हातात घेत होता. बाबा डोळे पुसत म्हणाले, "लय हासवलं गा तू. पोट दुखून राहिलं माह्यं." मग अगदी मायेने त्यांनी विचारलं, "थो कॅप्टन कोन हाय? त्याचा आवाज कोनाचा? थो खरा हिरोवानी वाटे."

"विक्रम," रोशन म्हणाला. "बँकेत हाय थो."

"तुले नाई का जमत तसं बोलाले?"

खोलीत अजून बरीच माणसं होती. रोशनने बाबांकडे पाहिलं. मला वाटलं आता हा उठेल, निघून जाईल, काही तरी फेकेल. फेकलं असतं तर बरं झालं असतं. त्याने घसा साफ केला आणि नितळ, एक अक्षर न खाता, महिनाभर घोकलेल्या त्या मराठीत म्हणाला, "जमतं, बाबा. मला तसंही बोलता येतं."

खोलीतले वळून पाहू लागले. मग बाबांचा चेहरा उजळला. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. त्यांनी रोशनचा खांदा दोन्ही हातांनी धरला आणि दारातून बाहेर पडणाऱ्या माणसांना हाक मारून परत बोलावलं.

"अरे या, या इकडे, आयका! माहा पोरगा पाय कसा बोलते. बोल गा, बोल अजून."

आणि रोशन बोलू लागला.