चव्वेचाळिसावं स्टेटस

मला स्टेटसचं वेड आहे असं आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका म्हणायच्या. म्हणोत बापड्या. त्यात माझं स्वतःचं काही नसायचंच मुळी. मंडळातल्याच लीनाच्या मुलाला स्केटिंगचं मेडल मिळालं, तिनं फोटो टाकला, की मी त्याचा स्क्रीनशॉट काढायची, कडा कापायची, वर 'शाब्बास रे बाळा' लिहायची आणि माझ्या स्टेटसवर चढवायची. कुणाची रांगोळी, कुणाच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, पंचकुल्यात हरवलेला कुणाचा कुत्रा, मोहालीत कुणाला हवी असलेली पोळ्या करणारी बाई, सगळं. चोवीस तासांनी ते आपोआप पुसलं जातं. एवढ्या हौसेनं कुणी टाकलेलं, चार माणसांनी बघायच्या आत जाऊ द्यायचं होय?

आणि चंदीगडात आपलं माणूस शोधायचं तर तीन शहरं पालथी घालावी लागतात हो. ह्यांची केंद्र सरकारची नोकरी. मिरजेहून निघालो ते भोपाळ, डेहराडून करत इथे आलो, त्याला नऊ वर्षं झाली. सेक्टर सातच्या क्वार्टरमध्ये शेजारी एक बंगाली, एक मल्याळी, खाली सरदारजी. मराठी माणूस गणपतीत भेटणार, नाहीतर फोनमध्ये. म्हणून मी तो फोन धरून बसायची.

ह्यांना ते अजिबात आवडायचं नाही. गुरुनाथ नावाचा माणूस, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे ह्यांना कोण कष्ट. वाढदिवसाला मी ह्यांचा फोटो टाकला तर दोन दिवस अबोला. आमची मधुरिमा इकडेच वाढलेली, आयटी पार्कमध्ये नोकरी करते. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. ती तर तोंडावर सांगायची की मम्मा, इतकी स्टेटस टाकतेस की तुझ्या फोटोभोवतीच्या गोलाचे ठिपके ठिपके झालेत, लोक पहिली दोन बघतात आणि पळतात. मी म्हणायची, पळू देत. ज्यांना बघायचंय ते बघतील.

मागच्या वर्षी मात्र एक वाईट झालं. एका लहान मुलाला प्लेटलेट्स हव्यात, कृपया शेअर करा, असं कुणाच्या तरी स्टेटसवर होतं. मी ते माझ्याकडे घेतलं आणि मंडळाच्या ग्रुपवरही टाकलं. तारीख नव्हती, मी कशाला विचारतेय? तो मुलगा फेब्रुवारीतच गेला होता आणि मी टाकलं ऑगस्टमध्ये. मंडळातल्या सात-आठ जणांनी त्याच्या आईला फोन केले. सहा महिन्यांनी, बाळ कसं आहे म्हणून. आमच्या ग्रुपचा ॲडमिन लक्ष्मीकांत, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, त्यानं मला फोनवर असं काही झापलं की मला रडू आलं. त्या दिवसापासून ग्रुपवर फक्त ॲडमिननंच टाकायचं असं त्यानं करून ठेवलं. माझ्या एकटीसाठी. मी त्याच्याशी बोलणंच सोडलं. गणपतीत प्रसाद द्यायला आला तर मी दुसरीकडे बघितलं.

चूक माझी होती. पण मेला किती बोलला.

ह्या नोव्हेंबरात, गुरुवारी सकाळी सहा वाजता, ह्यांना बाथरूममध्ये रक्ताची उलटी झाली. साधी नव्हे, बेसिन भरलं. पोटात जुना अल्सर होता आणि गुडघे दुखतात म्हणून गोळ्या चालू होत्या, त्यानं तो फुटला. खालच्या सरदारजींनी गाडी काढली, हॉस्पिटलात नेलं. तिथे पटापट सगळं सुरू झालं तेव्हा मला वाटलं, झालं, आता काळजी नाही. ह्यांच्या ऑफिसच्या कार्डावर ओ पॉझिटिव्ह लिहिलेलं होतं आणि ओची त्यांच्याकडे कमी नव्हती.

साडेदहाला एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. ओचं रक्त ह्यांच्या रक्ताशी जुळेना, म्हणाली, एकही बाटली जुळेना. तिनं मला खाली बसवून समजावलं. ह्यांचा ग्रुप ओ नव्हेच, बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून एक असतो, तो. साध्या तपासणीत ओसारखाच दिसतो, म्हणून जन्मभर कळलं नाही. ह्या माणसाला दुसऱ्या कुणाचंही रक्त चालत नाही, ओचंसुद्धा नाही, फक्त त्याच ग्रुपचं. हजारोंत एखादा असतो, इकडे त्याहून कमी, तुमच्या महाराष्ट्राकडे जरा जास्त. मुंबईहून दोन बाटल्या विमानानं निघतील, रात्री आठपर्यंत पोचतील. तोवर एक जरी बाटली मिळाली तर रक्तस्राव थांबवायची प्रोसिजर करता येईल. "आपके मराठी लोग होंगे न यहाँ? उनमें ढूँढिए," ती म्हणाली. "शाम तक एक डोनर."

मी आत जाऊन ह्यांना सांगितलं. चेहरा कागदासारखा झाला होता, तरी शुद्धीवर होते. म्हटलं, आता मी सगळीकडे टाकते. ह्यांनी माझा हात धरला.

"माझं नाव घालू नकोस त्यात."

जीव जायची वेळ आली आणि ह्या माणसाला नावाचं पडलंय, असा राग आला मला. पण म्हटलं, बरं, नाही घालत. म्हणतील तसं करायची वेळ होती ती.

बाहेर येऊन मी काय केलं ते सांगते. माझ्या गॅलरीत अशा आवाहनांची चित्रं पडलेलीच होती, दुसऱ्यांच्या स्टेटसवरून घेतलेली. लाल रंग, रक्ताचा थेंब, 'तातडीने रक्त हवे, कृपया शेअर करा'. त्यातलं एक घेतलं, ग्रुप बदलला, फोन नंबर मधुरिमाचा घातला, कारण माझा फोन सारखा बंद पडतो. पेशंटचं नाव नाही, माझं नाव नाही, तारीख नाही. दोन मिनिटांत चित्र तयार झालं आणि मी ते स्टेटसवर टाकलं. मला वाटलं, मी इतकी वर्षं सगळ्यांचं टाकलं, आता माझं सगळे टाकतील.

लीनाला फोन केला, ती शाळेत शिकवायला गेलेली, उचलला नाही. ह्यांची एकुलती बहीण शशिकला मिरजेत. तिचं रक्त जुळलं असतं तरी ती मिरजेत. मंडळाच्या बाकीच्यांचे नंबर होते माझ्याकडे, पण निम्मे बदली होऊन गेलेले. ग्रुपवर टाकायला लक्ष्मीकांत लागणार. त्याला फोन करायचा म्हणून मी दोनदा नाव काढलं आणि दोनदा ठेवलं. जीभ रेटेना हो. शेवटी तेच चित्र त्याला नुसतं पाठवून दिलं, खाली एक अक्षर न लिहिता. त्याला कळेल म्हटलं.

मधुरिमानं तिच्या इन्स्टाग्रामवर टाकलं होतं. तिच्या ऑफिसातली, कॉलेजातली पोरं एकमेकांचं उचलून टाकत गेली आणि तासाभरात हॉस्पिटलच्या दारात बारा जण उभे. पगड्या घातलेली धिप्पाड पोरं, आंटी, हमारा ले लो, कितना भी ले लो. सगळ्यांचं तपासलं. कुणाचंच चालणार नव्हतं, मधुरिमाचंही नाही. ती तरीही गेली नाहीत, जिन्यात बसून राहिली.

दोन वाजता मी स्टेटस उघडून किती जणांनी बघितलं ते पाहिलं. नऊ. माझी सख्खी बहीण, दूधवाला, विम्याचा एजंट, भोपाळची एक जुनी शेजारीण, ब्लाउज शिवणारी बाई आणि असेच. मंडळातलं एक माणूस नाही. मला वाटलं काहीतरी बिघडलंय, म्हणून मधुरिमाला विचारलं. तिनं फोन हातात घेतला आणि तिचा चेहरा पडला. आदल्या दिवशीची माझी त्रेचाळीस स्टेटस त्यात तशीच होती. ज्यानं ती बघितली नाहीत त्याला आधी तीच दिसणार. दत्ताचा फोटो, साडीचा सेल, कुणाचा नातू, गाजराचा हलवा. आमचं रक्त चव्वेचाळिसावं.

"मम्मा," ती म्हणाली, आणि फोन माझ्या हातात परत दिला.

मी तिथेच बाकावर बसून एकेक पुसायला लागले. घाईत पुसायच्या ऐवजी दुसरंच काहीतरी दाबलं जायचं. लीनाच्या मुलाचं मेडल पुसलं. कुणाच्या आईची पंचाहत्तरी पुसली. त्रेचाळीस पुसायला अर्धा तास गेला. मग आमचं एकटं उरलं. तरी आकडा नवावरून अकरावर गेला आणि तिथेच थांबला.

पाचच्या सुमाराला आतून धावपळ ऐकू यायला लागली. मला काहीतरी करत राहायचं होतं म्हणून मी फोन उघडला आणि साठ-सत्तर न वाचलेल्या मेसेजांत लक्ष्मीकांतचा दिसला. बारा वाजून पाच मिनिटांचा होता. 'काकू, ही जुनी पोस्ट आहे का? तारीख आणि पेशंटचं नाव नाही. खात्री झाली की ग्रुपवर टाकतो.' मी लगेच फोन लावला. आमच्या ह्यांना हवंय रे, असं म्हणून मी हमसून रडायला लागले, तो एवढंच म्हणाला, "काकू, लगेच टाकतो." तेवढ्यात दार उघडलं आणि तीच डॉक्टरीण बाहेर आली. तिला बघूनच कळलं. साडेपाचला हे गेले. रक्त विमानात होतं.

लक्ष्मीकांतनं मग ग्रुपवर टाकलं ते निधनाचंच. आणि ते बघा, सगळ्यांनी आपापल्या स्टेटसवर लावलं. ह्यांचा फोटो, भोवती हार, भावपूर्ण श्रद्धांजली. ज्या माणसानं स्वतःचं नाव घालू नकोस म्हणून सांगितलं, तो एका दिवसात दीडशे फोनांवर फिरला. मी एकही बघितलं नाही.

दहाव्यानंतर लोक भेटायला यायला लागले. एका दुपारी चारुदत्त आणि अश्लेषा आली. हे जोडपं दोन वर्षांपूर्वी पुण्याहून इथे आलेलं, तो मोहालीच्या नॉलेज सिटीतल्या एका संशोधन संस्थेत शिकवतो. गणपतीत ओळख झाली होती तेवढीच. मधुरिमा ऑफिसला गेलेली, घरात मी एकटीच. अश्लेषानं हळूच विचारलं की अचानक काय झालं. ग्रुपवर फक्त अल्सर एवढंच आलं होतं.

मी सांगायला लागले. आता पाठ झालं होतं, सांगताना रडूही येत नसे. उलटी, सरदारजींची गाडी, बाटली जुळेना. मग म्हटलं की ह्यांचा ग्रुप बॉम्बे निघाला हो, इथे कुठून मिळणार.

अश्लेषानं नवऱ्याकडे बघितलं. ते बघणं मी जन्मात विसरणार नाही. चारुदत्तनं चष्मा काढला आणि हातात नुसताच धरून बसला.

"माझाही तोच आहे," तो म्हणाला.

कॉलेजात असताना रक्तदानाच्या शिबिरात कळलं होतं म्हणे. पुण्याच्या रक्तदात्यांच्या यादीत नाव आहे, तिथे असताना तीनदा बोलावणं आलं, तिन्हीदा देऊन आला. इथल्या यादीत नाव घालायचं राहून गेलं. त्या गुरुवारी कुठे होतात, मी विचारलं. इथेच, तो म्हणाला, दिवसभर संस्थेत. हॉस्पिटल तिथून अर्ध्या तासावर.

मला भयंकर राग आला. समोरच्या पाण्याच्या ग्लासासकट टेबल उलटं करावं असं वाटलं. मी म्हणाले, मी स्टेटसवर टाकलं होतं, अकरा वाजता टाकलं होतं, तुम्ही बघितलं कसं नाही?

तो खाली मान घालून बसला. अश्लेषा रडायला लागली होती.

"काकू, तुमची स्टेटस मी म्यूट केली होती," तो म्हणाला. "आलो त्याच महिन्यात. फार असायची हो."

तो माफी मागत होता, सारखा मागत होता, आणि मला दिसत होतं की हे पोर आता आयुष्यभर हे घेऊन फिरणार. त्याची चूक काय? बारा अनोळखी पोरं धावत आली होती, तोही धावतच आला असता. त्याच्यापर्यंत पोचायची वाट मीच रोज थोडी थोडी बुजवत आणली होती, दुसऱ्यांच्या हलव्यानं आणि दुसऱ्यांच्या नातवांनी. मी त्याला एवढंच सांगितलं की हे कुणाला बोलू नका. मंडळात नको, कुठेच नको. त्यानं मान हलवली. चहा न घेताच दोघं गेली.

संध्याकाळी मधुरिमा आली. पायातले बूट न काढताच माझ्या शेजारी सोफ्यावर बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. बाप गेल्यापासून ती माझ्यावर एकदाही चिडली नव्हती, स्टेटसवरून एक शब्द बोलली नव्हती. मग म्हणाली की आज ऑफिसात पहिल्यांदा जेवण गेलं. दिवसभर एकच गोष्ट स्वतःला सांगत होते, म्हणाली, त्यानं बरं वाटलं.

"पूरे शहर में कोई था ही नहीं, मम्मा. हम कुछ भी करते, पापा को नहीं मिलता. है ना?"

मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

"हो," मी म्हणाले. "कुणीच नव्हतं."