बरं झाल्यानंतरची धडधड

मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. माझी रबरी नळी तडकली आहे, तिच्यातून आता धड ऐकू येत नाही. मित्रांनो, फार बोलायचं त्राण नाही. पण मालूची हकिगत सांगतो.

ठाण्याच्या डॉक्टर सरोज लहान मुलांच्या कॅन्सरवर उपचार करत. माझी उमेदीची वर्षं त्यांच्या गळ्यात गेली. १९८३ साली चेंदणी कोळीवाड्यातली छोटी मालू त्यांच्याकडे आली. रक्ताचा कॅन्सर. औषधांनी केस गेले, तोंड आलं, पण पोर वाचली. तिच्या आईने, जनाबाईने, दवाखानाभर पेढे वाटले.

डॉक्टरबाईंचं काम तिथे संपत नसे. ती औषधं जालीम. काही मुलांचं हृदय त्यांच्यामुळे कित्येक वर्षांनी थकतं. म्हणून बऱ्या झालेल्या मुलांना दरवर्षी तपासायचं. मुलं मात्र हळूहळू यायची थांबली. मग रविवारी बाई मला पर्समध्ये टाकून घरं शोधत फिरत. कधी मोहने, कधी डोंबिवली. कुठे कुलूप, कुठे बिऱ्हाड हललेलं. परतताना खोपटच्या स्टँडवर त्या पाय चोळत बसत. मीही दमलेला असे.

मालू मोठी झाल्यावर जनाबाई तर दारातूनच म्हणाली, "पोर बरी झाली ना बाय, मंग कशाला मागं लागता? लगीन जमवायचंय तिचं. कॅन्सरचं नाव कळलं तर कोण करील?"

लग्न झालं. १९९६ साली मालू स्वतःच दवाखान्यात आली. पोटुशी होती, जिना चढून धापा टाकत होती.

"आई बोलते, गरोदरपणात व्हतं असं," ती म्हणाली. "सासरी कुणाला काय म्हाईत नाय."

बाईंनी मला तिच्या छातीवर ठेवलं. निरोगी हृदयाचे दोन ठोके मला पाठ होते. इथे तिसरा पडत होता, ओढत आल्यासारखा. लहानपणीच्या त्या औषधांनी हृदय थकल्याचं बाईंनी ओळखलं.

"मालू, नवऱ्याला आजच सांगायचं. मी येते बरोबर."

तिच्या नवऱ्याने, कान्हाने, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आधी का नाय बोललीस गं? मी काय सोडणार होतो तुला?"

हृदयाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली मालू बाळंत झाली. मुलगी झाली. मालूही वाचली, पण तिचं हृदय पहिल्यासारखं झालं नाही. पाण्याचा हंडा तिने परत उचलला नाही, गोळ्या सुटल्या नाहीत. जनाबाई मात्र तेव्हापासून दरवर्षी तिला तपासायला घेऊन येई आणि बाहेरच्या बाकावर बसून राही.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. मी खणात पडून असतो. जी मुलं सापडलीच नाहीत, त्यांची हृदयं कशी चालली असतील, याचा विचार करतो.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत लहानपणी असा आजार काढलेलं कुणी असेल, तर त्याला तो लपवायला लावू नका. तपासणीच्या दिवशी त्याच्यासोबत जा. नुसतं बाहेरच्या बाकावर बसलात, तरी पुष्कळ.